पंख्याखालची जागा

स्लॅबचं घर पुरं झालं की माणूस पहिल्याच दुपारी हॉलमध्ये सतरंजी टाकून आडवा होतो आणि वर बघतो. बघणारच, एवढा जीव काढून बांधलेलं असतं. पण वर असतं काय? पांढरा रंग, एक हुक, हुकाला पंखा, आणि पंख्याच्या दांडीला ती प्लास्टिकची वाटी, तीही नीट वर न बसलेली. खाली फरशी चकचकीत, भिंतीला गुलाबी ऑइलपेंट, आणि वर हे असं बोडकं. नव्वद सालानंतर दौंड-शिरूरकडं उसाच्या जिवावर पत्र्याची घरं जाऊन स्लॅबची आली, आणि तालुक्यातली माणसं दुपारची आडवी होऊन त्या बोडक्या छताकडं बघत राहिली. काहीतरी कमी आहे एवढं सगळ्यांना कळायचं. काय कमी आहे ते कळलं यवतच्या सरदारबीला.

सरदारबी म्हणजे मेहमूद पीओपीवाल्याची बायको. लोक नाव मेहमूदचं घ्यायचे, कारण शिडीवर तो दिसायचा. पंख्याभोवती जे गोल नक्षीचं फूल बसायचं, ते तिच्या हातचं असायचं. मेहमूद ते नेऊन टांगायचा. हे काही तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आपल्याकडं शिडीवरच्या माणसाला मान, ही जुनीच रीत आहे.

मेहमूद लग्नाआधी पुण्यात एका पीओपीच्या ठेकेदाराकडं चार वर्षं राबला होता. शहाण्णव साली गावी परत आला तो ठेकेदारानं टाकून दिलेला एक रबरी साचा बगलेत मारून. साचा असा, की त्यातून निघालेल्या फुलाच्या दोन पाकळ्या जन्मतःच तुटक्या. पहिलं फूल त्यानं हौसेनं हायवेवरच्या पोपटरावांच्या ढाब्यात लावलं. पोपटरावांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मेहमूद, फूल हाय का शेळीनं खाल्लेला कोबी हाय रं हा?" ढाब्यातली झाडून सगळी माणसं हसली. बिचारा तोंड पाडून घरी आला. सरदारबीनं ऐकून घेतलं, तीही हसली, आणि मग उठून तिनं रद्दीतला एक पेपर घेतला. घडी घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली. कात्रीनं चार काप दिले. कागद उलगडला तर आठ पाकळ्यांचं फूल.

ही विद्या तिची माहेरची. तिचे वडील दौंडला ताबूत करायचे. मोहरमच्या आधी महिनाभर घरात बांबू, खळ आणि रंगीत कागद यांशिवाय पाय ठेवायला जागा नसायची. लहानपणापासून कागदाच्या घड्या घालून जाळ्या कापायचं काम या पोरीकडं. घडी कितीची घालायची, काप कुठं थांबवायचा, हे तिच्या बोटांना पाठ होतं. आता तिनं तेच कागद शाडूच्या लादीवर ठेवून कोरायला सुरुवात केली. शाडूवरून साचा, साच्यातून फूल. पीओपी कालवली की हातात पाच मिनिटं असतात, सहावं मिनिट आपलं नाही. पाच मिनिटांत ओतायचं, थर सारखा करायचा, त्यावर काथ्याचे धागे पीओपीत बुडवून अंथरायचे, आणि धाग्यांत चार तारा गुंफायच्या. या चार तारांवर फूल स्लॅबला टांगलं जातं. तारा काथ्याला धरतात, काथ्या फुलाला धरतो. बाहेरून दिसते ती नक्षी, पण सगळा भार आतल्या धाग्यांवर.

चार-पाच वर्षांत सरदारबीची फुलं यवतपासून कोरेगाव भीमापर्यंत पोचली. द्राक्षबागवाल्याला वेल, ऊसवाल्याला पेरं, ज्याला काही सुचत नाही त्याला मोर. केडगावच्या एका गुरुजींच्या घरात तर गंमतच झाली होती. स्लॅब टाकून झाल्यावर गुरुजींनी देवघरासाठी मध्ये भिंत घेतली, त्यामुळं पंख्याचा हुक खोलीच्या मधोमध राहिलाच नाही, हातभर सरकला. गोल फूल लावलं तर वाकडं दिसणार, न लावलं तर गुरुजींच्या बाई जेवणार नाहीत. मेहमूद डोकं खाजवत परत आला. सरदारबीनं एका अंगाच्या पाकळ्या लांब आणि दुसऱ्या अंगाच्या आखूड कापल्या. लावल्यावर बघणाऱ्याला वाटायचं की हुक मधोमधच आहे. गुरुजींनी स्वतः टेप लावून बघितला आणि टेप खोटा आहे म्हणाले.

घरात दोघं निम्मं दखनी आणि निम्मं मराठी बोलायची, आपण मराठीच सांगू. मेहमूद म्हणायचा, "सरदार, तुझी कात्री अन् माझी शिडी. ह्यातलं एक मोडलं तर दुसऱ्याचा काय उपयोग?" प्रेमाचं एवढंच बोलणं त्याला यायचं, आणि तिला तेवढं पुरायचं.

दोन हजार सालच्या शेवटाला भीमेपलीकडच्या कोळपेवस्तीवरून बोलावणं आलं. पारगावचा पूल ओलांडला की शिरूर तालुका लागतो, तिथून न्हावऱ्याच्या वाटेला ही वस्ती. कोळपे मूळचे मेंढरंवाले. ज्योतिबा कोळपेच्या वडलांपर्यंत आठ महिने रानोमाळ, चार महिने घर. ज्योतिबानं मात्र कळप मोडला, पाइपलाइन केली, ऊस लावला आणि दोन मजली बंगला उठवला. आता त्याला मेंढरांचं नाव काढलेलं खपत नसे. घरातल्या घोंगड्यासुद्धा त्यानं माळ्यावर टाकल्या होत्या, पाहुण्यांना वास येतो म्हणून.

त्याची आई म्हाळसाबाई. सत्तरीची, उंच, काठीसारखी ताठ. सरदारबी हॉलचं माप घ्यायला मेहमूदबरोबर गेली होती, तेव्हा म्हातारीनं तिला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं आणि एक पोतं दाखवलं. पोत्यात लोकर होती, काळी-पांढरी.

"शेवटल्या कातरणीची हाय," म्हातारी म्हणाली. "कळप इकायच्या आदल्या दिशी कातरली. तुमच्या त्या फुलात धागं घालतात म्हनं?"

"काथ्या घालतो, मावशी."

"त्याच्या जागी ही घाल. हे बघ बाई, सिमिट कंपनीचं, सळई कुठल्या गावची ठावं न्हाई, फरशी राजस्थानची. एवढ्या मोठ्या घरात आमचं असं काय हाय? ज्या मेंढरांच्या जिवावर ही जमीन झाली त्यांचं चार मुठी तरी असू दे वर. आन् ज्योतिबाला सांगू नगंस. हसंल मला."

सरदारबीला तिच्या वडलांनीच सांगितलं होतं की जुने गवंडी चुन्यात बकरीचे केस घालत. मग लोकर का नको? तिनं म्हातारीच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, "कुणाला नाही बोलणार, मावशी. शब्द आहे." मेहमूदलाही तिनं सांगितलं नाही. फूल घरी ओतलं, जोंधळ्याच्या कणसांचं, तीन फुटी, तिच्या आजवरच्या फुलांत सगळ्यात देखणं. वर चढवायच्या आधी म्हातारीनं त्याच्या पाठीला चिमूटभर भंडारा लावला.

ते फूल पुढच्या श्रावणात पडलं.

सकाळची वेळ होती. आठ दिवस झड लागली होती आणि हवेला ओल आली होती. म्हाळसाबाई पंख्याखाली बसून सुपात तूर निवडत होती. कोंबड्या ओरडल्या म्हणून सूप तिथंच ठेवून ती बाहेर गेली, आणि मागं धाडकन आवाज झाला. आत येऊन बघते तर सूप मोडलेलं, तुरीत पांढरा चुरा, आणि वर स्लॅबला चार तारा लोंबताहेत. ती दहा पावलं बाहेर गेली नसती तर काय झालं असतं, ते वस्तीवरच्या प्रत्येक माणसानं दिवसभर बोलून दाखवलं.

बातमीला काय, पाय असतात. दुधाच्या गाडीबरोबर ती भीमा ओलांडून आली. पारगावात नुसतं फूल पडलं होतं. केडगावात पोचेपर्यंत त्याखाली शेळी मेली, आणि दौंडच्या स्टँडवर कोळप्यांच्या म्हातारीचं डोकं फुटून ती ससूनला होती. म्हातारी इकडं धडधाकट कोंबड्या हाकत होती, पण ऐकतो कोण. कोरेगाव भीमाच्या माणसानं निरोप धाडला, आमचं राहू द्या. यवतच्याच दोघांनी लावलेली फुलं उतरवून न्या म्हणून सांगितलं. आणि ज्या गुरुजींचा टेप खोटा ठरला होता, त्यांच्या बाईंनी पलंग पंख्याखालून ओढून भिंतीला लावला. मेहमूदला ते खिडकीतून दिसलं. त्या रात्री तो जेवला नाही.

कोळपेवस्तीवर जाऊन दोघांनी चुरा गोळा केला तेव्हाच सरदारबीला कळलं होतं. तुकड्यांतून लोकर अशी सहज निघून येत होती, जशी भिजल्या कापडातून सुई. पीओपीनं तिला धरलेलंच नव्हतं. धागे कोणते ते ज्योतिबाला काय कळणार? त्याला सगळा चुराच दिसला. तो मेहमूदला एवढंच म्हणाला, "मेहमूदभाई, माझी आई वाचली म्हणून गप ऱ्हातो." याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हाळसाबाई दाराशी उभी होती. तिनं सरदारबीकडं बघितलं आणि मोडकं सूप उचलून आत गेली. सरदारबी खाली मान घालून झाडत राहिली.

घरी आल्यावर तिनं मेहमूदला खरं काय ते सांगितलं. त्यानं सदऱ्यावरचा पांढरा चुरा झटकला.

"मग सांग की लोकांना. आपल्या हातचा दोष नाही म्हणावं."

"शब्द दिलाय म्हातारीला. आणि दोष आपला नाही कसा? ओतलं कुणी? न तपासता घातली कुणी?"

"तुझा शब्द राहिला, सरदार. माझं नाव गेलं ना पण."

हे खरं होतं, म्हणून तिला जास्त लागलं. पुढचे सहा-सात महिने मेहमूदनं गिलाव्याची मजुरी केली. सरदारबीचा भाऊ इरशाद कुरकुंभला केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं होता. त्यानं मेव्हण्यासाठी शब्द टाकला. जागा पक्की झाली, एप्रिलच्या एका सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट. मेहमूद काही भांडला नाही, चिडला नाही. फक्त एक दिवस त्यानं शिडी शेजाऱ्याला वापरायला देऊन टाकली. सरदारबी ओतू शकत होती, पण डोक्यावर तीन फुटी फूल पेलून तारा पिळायचं काम तिच्या एकटीचं नव्हतं. तो कंपनीत गेला की फुलं संपली, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते.

एका बाजाराच्या दिवशी म्हाळसाबाई एकटीच एसटीनं यवतला आली. विचारत विचारत घर शोधलं. पाणी प्यायली, आणि चहा समोर आला तरी कपाला हात लावेना.

"लई बार सांगाया गेले त्याला. पर जीभच रेटंना बघ," ती म्हणाली. "आईच्या येडेपणानं घर पडलं आसतं, आसं म्हणंल. म्हणू दे, पर सुनंम्होरं म्हणंल गं."

"राहू द्या, मावशी. मला एवढंच सांगा, लोकरीला पीओपी का धरली नाही? बकरीच्या केसाला चुना धरतो म्हणे."

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं, न धुता घातलीस व्हय? मेंढराच्या अंगाला वंगण आसतंय. तवाच तर पावसात उभं ऱ्हातंय आन् आत भिजत न्हाई. आमच्यातलं शेंबडं पोरगं सांगंल हे."

एकीला लोकर कळत होती, दुसरीला पीओपी कळत होती, आणि दोघींनी एकमेकींना एक शब्द विचारला नव्हता. आधी म्हातारी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता नातीचा साखरपुडा हाय चैत्रात, हर्षदाचा," ती जाताना म्हणाली. "वरती त्या चार भोकांखाली न्हाई करायचा मला. ज्योतिबाला मी बघते. फूल लाव. पर आता काथ्याच घाल बाई, पाया पडते."

"काथ्या नाही. तुमची लोकरच घालीन," सरदारबी म्हणाली. हट्टी बाई. बापानं लाडानं बिघडवलेली होती असं तिची सासू म्हणायची, ते काही अगदीच खोटं नव्हतं.

तिनं म्हातारीकडून लोकर मागवली. रिठ्याच्या कढत पाण्यात तीनदा धुतली, उन्हात वाळवली, बोटांनी पिंजली. मग तीन लाद्या ओतल्या, एक काथ्याची, एक न धुतल्या लोकरीची, एक धुतलेल्या लोकरीची. तिन्ही दारातल्या लिंबाला तारेनं टांगल्या आणि खाली विटा बांधल्या. न धुतलेली दुसऱ्याच दिवशी एका विटेनं सुटली. बाकीच्या दोन पाच-पाच विटा घेऊन आठ दिवस लोंबत राहिल्या. मग सरदारबीनं हातोडी घेतली आणि दोन्हींवर मारली. काथ्याच्या लादीचा एक कोपरा निखळला. लोकरीच्या लादीला चिरा गेल्या, पण तुकडा एकही खाली आला नाही. सगळे जागच्या जागी लोकरीला धरून राहिले.

"बघा की," ती म्हणाली.

मेहमूदनं बघितलं. "लिंबाखाली कुणी बसलेलं नव्हतं, सरदार," तो म्हणाला. "तू म्हणतेस म्हणून टांगतो. हे शेवटचं. साखरपुडा झाला की सोमवारी मी कुरकुंभला."

साखरपुड्याच्या चार दिवस आधी जोंधळ्याच्या कणसांचंच नवं फूल वर चढलं. फूल लागत होतं तेवढा वेळ ज्योतिबा अंगणातच थांबला. मेहमूदनं तारा पिळल्या, पुन्हा पिळल्या, हातानं ओढून बघितल्या, आणि खाली उतरल्यावर त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी साखरपुडा. चैत्राचं ऊन असं, की मंडपाच्या कापडातून चटके बसावेत, म्हणून सगळा कार्यक्रम हॉलमध्येच. कोळप्यांनी मेहमूदच्या घराला रीतसर आमंत्रण दिलं होतं. सरदारबी जरा उशिरा पोचली, चार वर्षांच्या लेकीला, सनाला घेऊन. दारात पाऊल टाकलं आणि ती तिथंच थबकली. हॉल माणसांनी गच्च भरलेला. डाव्या भिंतीला बाया, उजव्या भिंतीला पुरुष, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून, घामानं निथळत, पदरानं आणि टोप्यांनी वारा घेत. आणि मधोमध, पंख्याच्या बरोब्बर खाली, दहा-बारा माणसांची जागा मोकळी. नवी सतरंजी तिथं स्वच्छ अंथरलेली. पंखा गरगर फिरत होता आणि सगळा वारा त्या रिकाम्या सतरंजीला लागत होता. नवरीचा पाटसुद्धा कोपऱ्यात मांडलेला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ज्यानं त्यानं येऊन एकदा वर बघितलं होतं आणि भिंत धरली होती. पुरुषांच्या बाजूला, अगदी भिंतीला पाठ लावून, मेहमूदही बसलेला होता.

लेकरांना काय, वारा दिसला की बास. सना आईचा हात सोडून पळाली आणि सतरंजीच्या मधोमध हात पसरून उभी राहिली, पंख्याखाली. चार-पाच बायांचा श्वास एकदम वर गेला. नवऱ्या मुलाकडची एक बाई अर्धवट उठली, तिनं लांबूनच हात घालून सनाला दंडाला धरून ओढली.

"हिकडं ये गं पोरी. तिथं नगं. पडतंय ते."

कुणाची पोरगी ते त्या बाईला माहीत नव्हतं. जीव वाचवायलाच ओढली होती तिनं. पण सरदारबीला भर सभेत कानाखाली बसल्यासारखं झालं. लोकांनी कामं परत केली ते तिनं सोसलं, नवऱ्यानं शिडी दिली तेही सोसलं. तिच्याच पोरीला तिच्याच फुलाखालून ओढून काढलं, हे मात्र तिला सोसवेना. ती बायांच्या मधून वाट काढत गेली, सनाचा हात त्या बाईच्या हातातून हळूच सोडवून घेतला, म्हणाली, "काही होत नाही, ताई, मी बसते तिच्याजवळ." आणि सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसली, पोरीला पुढ्यात घेऊन.

वारा घेणारे पदर आणि टोप्या जागच्या जागी थांबल्या. सरदारबीनं मान खाली घातली नाही. बोटांनी मात्र ती सनाच्या परकराची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. लिंबाखाली कुणी बसलेलं नव्हतं, हे मेहमूदचं बोलणं तिला तेव्हा आठवलं. तिला वर बघावंसं वाटलं, पण ती बघेना. आपणच वर बघितलं तर लोक काय समजतील, एवढं तिला कळत होतं.

आतल्या खोलीच्या दारात म्हाळसाबाई उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. ती तशीच पुढं आली, सरळ सतरंजीवर गेली, गुडघ्यावर हात टेकत टेकत सरदारबीच्या शेजारी बसली आणि लेकाला हाक मारली.

"ज्योतिबा, मागलं फूल माझ्यापायी पडलं."

"आई, आत्ता काय हे? पाहुणं बसल्यात."

"पाहुण्यांम्होरंच सांगते. लोकर माझी हुती. आपल्या मेंढरांची. मीच घालाय लावली, मीच गप ऱ्हा म्हणलं. आन् ही माऊली आठ म्हैनं गप ऱ्हायली. धंदा बसला तिचा, पर माझं नाव न्हाई काढलं. ह्या फुलातबी तीच लोकर हाय, धुऊन घातलेली. मी हितंच बसनार. माझ्या नातीचा पाट हितं आणा."

ज्योतिबाचा चेहरा लाल झाला. सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी वेडंवाकडं बोलणार. त्यानं मान वर करून फुलाकडं बघितलं. "मला का न्हाई सांगितलंस?" एवढंच त्यानं विचारलं, आणि आवाज असा आला की म्हातारीनंच तोंड फिरवलं. मग तो कोपऱ्यात गेला, हर्षदाचा पाट स्वतःच्या हातानं उचलून आणला आणि पंख्याखाली मांडला. हर्षदा येऊन त्यावर बसली. तरी भिंतीकडची माणसं अजून चुळबुळत होती. नवरी घरचीच, म्हातारी घरची, आणि फूल करणारी ती बसणारच की. त्यांच्याकडं बघून आपणही पुढं सरकावं, असं अजून कुणाला वाटत नव्हतं.

सरदारबीची नजर मात्र एकाच माणसावर होती. साऱ्या जगानं भिंत धरली असती तरी तिला चाललं असतं. तारा ज्यानं पिळल्या त्यानं धरली होती, हे तिला चालत नव्हतं.

मेहमूद उठला. पुरुषांच्या रांगेतून, कुणाच्या गुडघ्याला पाय लागला त्याला हात जोडत, तो बाहेर आला. पुरुषांची बाजू सोडून, बायांच्या देखत, भर साखरपुड्यात बायकोशेजारी जाऊन बसणारा माणूस त्या वस्तीनं तोवर बघितला नव्हता. तो तिच्याशेजारी बसला, सनाला तिच्या पुढ्यातून आपल्या पुढ्यात घेतलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यानं मान वर करून फुलाकडं नीट बघितलं. कणसांचा एकेक दाणा दिसत होता.

"ज्योतिबाआण्णा," तो म्हणाला, "पंखा पाचावर करता का जरा?"

ज्योतिबानं बटण पाचावर फिरवलं. पंख्यानं वेग घेतला. वर काही हललं नाही. आधी दोन पोरं सरकली, मग एक म्हातारा उठला, म्हणाला, "उकडून मरन्यापरीस ते बरं," आणि सनाला ओढणारी ती बाईसुद्धा पदर सावरत पुढं आली. बघता बघता सतरंजी भरली, एवढी की सरदारबीला आक्रसून मेहमूदला टेकून बसावं लागलं.

"सोमवारचं काय?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"इरशादला सांगतो," मेहमूद म्हणाला, "त्याला म्हणावं, शिडी परत आणायचीय मला सोमवारी."